मथुरा करू नको

गावात नवरात्राचा मांडव घालायला घेतला की मला राग यायला लागतो. पहिल्यांदा बांबूंचा येतो. मग खड्डे खणणाऱ्या पोरांचा, कारण खालून पाण्याची लाइन कुठून गेलीय ते त्यांना ठाऊक नसतं आणि म्हाताऱ्याला विचारायची लाज वाटते. मग उन्हाचा. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, खाडीचा चिखल तापून वास मारतो, सदरा पाठीला चिकटतो. लोक म्हणतात, महादू तापट झाला. मी तापट झालो नाही. हे दिवस आले की मला सगळं आठवतं, आणि आठवलं की कुणाच्या तरी अंगावर जावंसं वाटतं. एवढंच आहे ते.

यंदा तिसऱ्या माळेला मी मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. घरात बसवत नाही. मथुरा, माझी बायको, गेल्या भाद्रपदात गेली, तेव्हापासून घरात पंख्याचा आवाज फार येतो. माझ्या पुढच्या खुर्चीवर शेजारची लीला बसली होती. तिच्या बाजूला तिची सून, इतके दिवस बाहेरगावी होती ती यंदाच गावात राहायला आलेली, मांडीवर वर्षाचं पोर. त्या पोराच्या काळजात भोक होतं, सहा महिन्यांचं असताना ऑपरेशन झालं, हे साऱ्या गावाला माहीत आहे. सून पिशवीतून बाटली काढत होती, तिच्याबरोबर हॉस्पिटलची फाइल अर्धी बाहेर आली. लीला म्हणाली, "कागद नीट ठेव गो. मथुरा करू नको."

सून हसली. "ही मथुरा कोन, आई? सगली तेच बोलतात."

लीलानं मान वळवली आणि मला बघितलं. मी उठलो आणि घरी आलो. जेवलो नाही. आता हे लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण लागतं.

आम्ही सारसोळ्याचे. नेरूळ नावाचं शहर आमच्या गावाच्या चहूबाजूंनी नंतर उगवलं. बापाचं जाळं होतं. मी जाळ्यावर थोडे दिवस काढले, मग पाणीखात्यात लागलो. व्हॉल्वमन. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या चेंबरमध्ये उतरायचं, फेरे मोजून ती फिरवायची, कुठल्या वस्तीला किती वेळ पाणी ते बघायचं. तुर्भ्याकडची लाइन माझ्याकडे होती. तिकडे कारखान्यांचे ट्रक रात्रंदिवस जाणार, जमीन हादरणार, जोड सुटणार. मला शिकवणारा फिटर रागीट माणूस होता. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "लिकेज बुजवलंस म्हणजे काम झालं असं समजू नको. तीन दिवस ती लाइन पायी चाल. कान लावून चाल. वरून कोरडी दिसते, आत काय चाललंय ते तुला दिसत नाही." मी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि प्रत्येक लिकेजनंतर तीन दिवस लाइन चाललो. उन्हात चाललो, ताप असताना चाललो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ह्याच गोष्टीची मला लाज वाटणार आहे.

आमची वनी जन्मली तेव्हा रडायची कमी आणि धापा टाकायची जास्त. अंगावर प्यायला घेतली की चार घोट प्यायची आणि कपाळावर घाम. गावातल्या डॉक्टरानं छातीला नळी लावली आणि म्हणाला, काळजात भोक आहे, वयाबरोबर आपोआप बुजतं. तो म्हणाला म्हणून आम्ही थांबलो. मग एक थांबलं की दुसरं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं तर तिथे यादी. आज या, पुढच्या महिन्यात या, पोरीला सर्दी आहे, बरी झाली की या. पोरगी सात वर्षांची होईपर्यंत आम्ही येत होतो आणि जात होतो. त्या गावातल्या डॉक्टरावर माझा अजून राग आहे. तो मेला तरी आहे. आपोआप काय बुजतं? आपोआप तर नळाची चकतीसुद्धा बसत नाही.

ऑपरेशन झालं. एकाण्णव-ब्याण्णवची गोष्ट. वनीच्या छातीवर गळ्यापासून खालपर्यंत एक शिवण आली. ती आरशात बघून म्हणाली, "आये, मना चेन लावली." मथुरा सात वर्षांत पहिल्यांदा खळखळून हसली. ते हसणं मी विसरलो नाही. पुढे जे केलं ते त्या हसण्यासाठी केलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय.

घरी सोडायच्या दिवशी मथुरा आत वनीला नवा फ्रॉक घालत होती. मी बाहेर बाकावर. एक म्हातारी सिस्टर फाइल घेऊन माझ्याकडे आली. ती बाकीच्यांसारखी घाईत नव्हती. बाकावर माझ्या बाजूला बसली.

"बाबा, हे नीट ऐका. भोक बुजलं. पण सात वर्षं त्या भोकातून फुप्फुसाकडे जास्तीचं रक्त जोरानं जात होतं. तिथल्या नळ्या त्या जोरानं जाड झाल्यात. प्रेशर अजून चढलेलं आहे. आता ते उतरतं का चढतं, ते बघायला सहा महिन्यांनी पोरीला आणायची. मग परत सहा महिन्यांनी. पोरगी खेळती दिसली तरी आणायची. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं, मला सांगा."

मी सांगितलं. शाळेतल्या पोरासारखं सगळं सांगितलं, भोक, नळ्या, प्रेशर, सहा महिने. सिस्टर म्हणाली, "शाब्बास. बाप असावा तर असा." आणि फाइल माझ्या हातात दिली.

म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दुसऱ्या कुणा बापाला प्रेशर हा शब्द कळला नसता. कोळ्याला, मिठागरवाल्याला, ट्रकवाल्याला सांगावं लागलं असतं. मी तर त्या शब्दावर भाकरी खात होतो. वर्षानुवर्षं जास्त प्रेशरवर चाललेली लाइन कशी होते ते मी हातानं उकरून बघितलं होतं. आतून थर चढतात, भोक बारीक होतं, पाइप ताठर होतो. वरची चावी दुरुस्त केली म्हणून खालची लाइन नवी होत नाही. हे मला सिस्टरपेक्षा जास्त कळत होतं.

मथुरा वनीचा हात धरून बाहेर आली. वनीच्या केसात रिबीन. मथुरेनं विचारलं, "काय सांगत व्हती ती?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "काय नाय. पोरीला ताकदीचा खायला घाल बोलली."

घरी गेल्यावर सांगू म्हटलं. मग म्हटलं, चार दिवस जाऊ देत. मग म्हटलं, सहा महिने आहेत की.

आमच्याकडे एक रीत होती. आता कोण करत नाही, आणि न करण्याचं कारण पुढे येतंच आहे. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की त्या दुखण्याचं काही घरात ठेवायचं नाही. आजारपणातली चादर, औषधाच्या बाटल्या, दोरे, अंगारे, सगळं बांधायचं आणि भरती उतरताना खाडीला द्यायचं. पाण्यानं यावं आणि घेऊन जावं. माझ्या आईनं माझ्या बापाची काठीसुद्धा दिली होती. दवाखान्याचे कागद आमच्यात नवे होते, तेही त्यात जायला लागले. आजार कागदावर लिहिलेला घरात राहिला तर परत वाट काढतो, असं बायका म्हणायच्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मथुरेनं गाठोडं बांधलं. उशीचा अभ्रा, हॉस्पिटलातला पेला, उरलेल्या गोळ्या, वर फाइल. फाइल भिजू नये म्हणून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातली. बुडवायच्या वस्तूला भिजू नये म्हणून जपणारी बाई होती ती. जेट्टीवर आम्ही दोघं उभे राहिलो. पाणी उतरत होतं, कांदळवनाची मुळं उघडी पडत होती. तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि मला विचारलं, "अवो, सगला संपला ना? ह्यातला काय ठेवाचा नाय ना?"

मी म्हणालो, "नाय."

तिनं नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं आणि गाठोडं सोडलं. ते लगेच बुडलं नाही. बरंच लांब जाईपर्यंत दिसत होतं. मी नुसता उभा होतो.

एक गोष्ट मात्र मी काढून ठेवली होती. फाइलमधला छातीचा फोटो, तो काळा एक्स-रे. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली होती, वारा आत येऊन चूल विझायची. तो फोटो काचेच्या मापाचा निघाला. मी चिकटपट्टीनं बसवला. खिडकी सावरायचं मला सुचलं. कागद ठेवायचं सुचलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी मला कुणीतरी भर रस्त्यात मारायला हवं होतं.

खिडकी पश्चिमेची. संध्याकाळी ऊन त्या फोटोतून आत यायचं. बरगड्या उजळ, मधला भाग काळा. मथुरा भाकऱ्या थापायची आणि वनी तिच्या मागे पाटावर बसून धडा वाचायची. वनीच्या छातीतून आलेला उजेड वनीच्याच वहीवर. मी कामावरून यायचो, ते बघायचो आणि मनात म्हणायचो, बरी आहे पोर. धावते, खाते, शाळेत जाते. सहा महिने झाले. वर्ष झालं. आता गेलो तर सिस्टर विचारेल, इतके दिवस कुठे होता. ह्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी आणखी दोन वर्षं गेलो नाही. लाज ही चीज फार महाग असते, आणि ती दुसऱ्याला भरायला लावते.

मग ते पंचाण्णवचं नवरात्र आलं. वनी दहा वर्षांची. तेव्हा आमच्या मांडवात आताच्यासारखा डीजे नव्हता. संध्याकाळी दिवेलागणीला लहान पोरांचा गरबा व्हायचा, मग मोठ्यांचा. एक ढोलकं, एक झांज, मधे घट. वनीला मथुरेनं स्वतःच्या हिरव्या लुगड्याचा घागरा शिवला होता. पहिल्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या फेरीला मधे. तिसऱ्या फेरीला ती रिंगणातून बाहेर आली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. मी समोर होतो. तिचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. तो जांभळांचा महिना नव्हता.

"काय गो, दमलीस?" कुणीतरी विचारलं.

वनी म्हणाली, "मी नाय दमली. मधेच हवा संपली."

मथुरेनं पदरानं तिला वारा घातला. "ऊन बाधला पोरीला. दिवसभर बाहेर व्हती." सगळ्यांनी ऊन बाधलं असंच धरलं. ऑक्टोबरचं ऊन होतंही तसं. मी पण मान हलवली. मी मात्र तिचा श्वास ऐकत होतो. रस्त्याखालून पाण्याचा आवाज यायला लागला आणि वरचं डांबर अजून कोरडं आहे, असं कधी ऐकलंय कुणी? तसं.

बाकीच्या माळांना ती खेळली नाही. कडेला बसून टाळ्या वाजवायची आणि चुकणाऱ्या पोरींना बोलायची. "ए, उलटा पाय टाकलास. डोला हाय का बटन?" पोरी चिडायच्या. एकदा मला म्हणाली, "बाबा, तू अर्ध्या गावाचा पानी चालू-बंद करतंस. माझी हवा कोन बंद करतंय, बघ ना." मी म्हटलं, बघतो. बघतो म्हटलं, माझ्या ह्या तोंडानं.

त्या दिवाळीत सकाळचं ग्रहण होतं. आळीतल्या पोरांना काळी काच हवी होती. कुणाला तरी आमच्या खिडकीची आठवण झाली. मी फोटो काढून दिला. वनीची छाती हातोहात फिरली. म्हातारे, पोरं, शेजारचे इसाकभाई आणि त्यांची भावंडं, सगळ्यांनी तिच्या बरगड्यांमधून सूर्य बघितला. मथुरेनं मात्र वनीला ग्रहणाचं बाहेर पाठवलं नाही. नाजूक पोर, नको म्हणाली. वनी आतून ओरडत होती, "माझाच फोटू, न मीच घरात. ह्याला काय न्याय म्हनतात?" सगळे हसले. इसाकभाई खिडकीशी जाऊन तिला म्हणाले, "बेटा, तुझ्या आत सूर्य दिसला आम्हाला." ते चांगल्या मनानं बोलले. मला ते बोलणं आजही टोचतं. सगळ्या आळीनं बघितलं, आणि तिच्या आत खरं काय होतं ते ज्याला माहीत होतं तो बाजूला उभा राहून पोरांना रांग लावत होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मासळीची पिशवी घेऊन जेट्टीचा चढ चढताना वनी पडली. पाय घसरून नाही, जागच्या जागी. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाली, मासली सांडली का? आम्ही तिला वाशीला एका बाई डॉक्टरांकडे नेली. लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी मशीन लावून बराच वेळ बघितलं, मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आधीचे कागद?"

मथुरा म्हणाली, "खाडीला दिले."

"म्हणजे?"

मथुरेनं रीत सांगितली. बाईंचा चेहरा बदलत गेला. त्या वाईट नव्हत्या, पण दिवसभर असलं बघून माणूस वैतागतो. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही ऑपरेशनची फाइल पाण्यात टाकलीत? त्यात पुढच्या तपासणीचं लिहिलेलं असणार. हिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर फार वाढलंय. हे एका दिवसात होत नाही. कुणी बघतच नव्हतं का हिच्याकडे? आई ना तुम्ही?"

मथुरेनं मान खाली घातली.

मी बाजूच्या खुर्चीवर होतो. तिच्या आणि माझ्या मधे एक वीतभर जागा होती. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, हिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी ते वाक्य तोंडात जुळवलं. मग म्हणालो, "एक फोटो आहे घरी. आणू का?"

आणला. त्याच्या चार कडांना चिकटपट्टीचे डाग आणि वर चुलीचा धूर बसलेला. बाईंनी तो फडक्यानं पुसला, उजेडाच्या पेटीवर लावला आणि बाजूला नवा लावला. मग मला बोटानं दाखवलं. जुन्या फोटोत मुळापासून फांद्या निघून पार कडेपर्यंत जात होत्या, बारीक होत होत. नव्यात मूळ सुजल्यासारखं जाड आणि फांद्या मधेच तुटलेल्या, झाड छाटावं तशा. बाई म्हणाल्या, "हा फोटो ठेवलात ते बरं केलंत."

मला बरं म्हणाल्या. मथुरेला नाही.

मथुरेनं मग विचारलं, "आधी आनली असती तर?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगता येत नाही. ऑपरेशनच उशिरा झालं. काही मुलांच्या नळ्या नंतर मऊ पडतात, काहींच्या नाही पडत. आधी कळलं असतं तर औषध आधी सुरू केलं असतं, जपलं असतं. आज ह्यावर चांगलं औषध आपल्याकडे नाही. कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता."

त्या कदाचितवर माझा जेवढा राग आहे तेवढा कशावर नाही. पडला असता म्हणाल्या असत्या तर मी तिथेच कबूल झालो असतो. पडला नसता म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. कदाचित म्हणाल्या, आणि मी त्या शब्दाच्या आडोशाला तीस वर्षं बसलो.

त्यानंतरच्या ओहोटीला मथुरा घरात नव्हती. मी जेट्टीवर शोधायला गेलो. ती खाली चिखलात, मांडीपर्यंत रुतलेली, कांदळवनाच्या मुळांमधे हात घालून काहीतरी चाचपत होती. मी वरून हाक मारली. ती म्हणाली, "पिशवी पिलास्टिकची व्हती. पिलास्टिक सडत नाय. हितंच कुठं तरी अडकली असंल."

तीन वर्षांपूर्वीची पिशवी. तीन वर्षांच्या भरत्या आणि ओहोट्या.

दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. हाताला शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या. चौथ्या दिवशी एक पिशवी घेऊन आली, निळी, आत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. ती तिनं वाळत घातली, का कुणास ठाऊक. मी तिचे पाय धुतले. पाणी ओतलं, चिखल काढला, हळद लावली. आणि तरी बोललो नाही. मी तिचे पाय धुतले हे गावानं बघितलं आणि म्हणालं, महादू देवमाणूस, बायकोनं एवढं केलं तरी चकार शब्द बोलत नाही.

खरंच नाही बोललो.

वनीनं आणखी दोन नवरात्रं बघितली. खुर्चीवर बसून. दुसऱ्या वर्षी तिनं ढोलकं मागितलं आणि मांडीवर घेऊन बोटांनीच वाजवलं, कारण थाप द्यायला दम लागायचा. पोरींना बोलणं काही सोडलं नाही. मग सत्त्याण्णवच्या कार्तिकात गेली. सकाळी, गावात पाणी यायच्या वेळेला. ह्याहून जास्त मी लिहिणार नाही.

बारावं झाल्यावर मथुरा घरोघर जायला लागली. कुणाचं मूल आजारातून उठलं की ही त्यांच्या दारात. "कागद खाडीला देऊ नको गो. घरात ठेव, पेटीत ठेव, देवाच्या मागं ठेव. तारीख बघ. मी केला तसा करू नको. मथुरा करू नको." हे तिचं स्वतःचं बोलणं. तिनंच स्वतःला गावाच्या तोंडी दिलं. पहिल्यांदा बायका तिच्यासमोर गप्प बसायच्या. मग सवय झाली. मग तिच्या मागे म्हणायला लागल्या, मग तिच्यासमोर. पोरानं शाळेचं सर्टिफिकेट हरवलं, मथुरा केलीस. लाइटचं बिल फेकलं, मथुरा केलीस. आमच्या गावात कुणी आता खाडीला कागद देत नाही, ते तिनं बंद केलं. त्याचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतात ते दुसऱ्यासाठी.

मी तिथेच असायचो. ओट्यावर बसून ऐकायचो. तिनं मला कधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत आलो. हेही खोटं आहे. तिनं विचारलं होतं. एकदा हॉस्पिटलच्या बाकाजवळ आणि एकदा जेट्टीवर. दोन्ही वेळा मी "नाय" म्हणालो होतो.

मला मथुरेचाही राग येतो, हे लिहूनच टाकतो. मेलेल्या बाईचा राग धरू नये म्हणतात. मी धरतो. इतकी वर्षं एका घरात राहून तिला एकदाही संशय कसा आला नाही? माझ्या तोंडावर काहीच दिसलं नाही? का दिसलं होतं? दिसलं असेल तर तिनं का सोडलं मला? गेल्या भाद्रपदात ती शेवटची पडून होती तेव्हा मी दुपारी बाजूला बसलो, दार लावलं, म्हटलं आज सांगतो. "मथुरे," म्हटलं. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "पानी आला का?"

"आला," मी म्हणालो.

"मंग भरून घ्या. जाईल परत." आणि डोळे मिटले. मी उठलो आणि पाणी भरलं. हंडे, कळशी, पिंप, घरात होतं नव्हतं ते सगळं भांडं भरलं. परत येऊन बसलो तेव्हा तिला झोप लागली होती. ती मग काही बोललीच नाही.

तर हे असं. तिसऱ्या माळेपासून आठवीपर्यंत मी हे लिहिलं, थोडं थोडं. खाली मांडवात तो डीजे चालू, खिडकीच्या काचा हादरतात. आता खिडकीला खरी काच आहे. बिल्डिंग झाली आमची. तो फोटो मथुरेच्या पेटीत होता, लुगड्यांच्या खाली, त्या निळ्या पिशवीत. लग्नाची पत्रिकाही तिथेच.

काल अष्टमी. संध्याकाळी मी परत मांडवात गेलो. हातात तो फोटो घेऊन गेलो. लीला होती, सून होती, पोर मांडीवर उड्या मारत होतं. माझ्यासाठी लीलानं खुर्ची सरकवली. म्हणाली, "बस, भाऊ. त्या दिवशी माज्या तोंडातून गेला. राग मानू नको."

मी बसलो नाही. म्हणालो, "लीला, तू सुनेला मथुरा करू नको सांगतंस. ते चुकीचा हाय. महादू करू नको सांग."

"म्हंजे काय, भाऊ?"

"मथुरेला माहीत नव्हता. मना माहीत व्हता. सिस्टरनी मना सांगला व्हता, पोरीला सहा महिन्यांनी आन, नळ्यांचा प्रेशर बघाचा हाय. मी तिला सांगला नाय. फाइल खाडीला देताना तिनी मना विचारला, संपला का. मी संपला बोललो."

बाजूच्या खुर्च्यांवरच्या बायका वळल्या. डीजे चालूच होता, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि मोठ्यानं बोलल्यामुळे बऱ्याच जणांनी ऐकलं. ठीक आहे. लीलानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "येवडी वर्सं, भाऊ? तिला चिखलात उतरताना बघितला तू."

"बघितला."

आजपासून मला ओट्यावर कोण बोलावेल, कोण नाही, ते दिसेल. मला त्याचं काही नाही. सून मात्र माझ्या हातातल्या फोटोकडे बघत होती. मी तो तिच्याकडे दिला. तिनं मांडवाच्या ट्यूबलाइटसमोर धरला. पोरानं हात पुढे करून त्या बरगड्यांवर बोट फिरवलं.

"ह्याची फाइल हाय बरोबर?" मी विचारलं.

"हाय, आजोबा. पिशवीतच असते."

"तारीख वाच."

तिनं फाइल उघडली, पान शोधलं, आणि वाचली. पुढच्या महिन्यातली तारीख, वार, सकाळची वेळ. ह्या आवाजात मला नीट ऐकू आली नाही. मी मांडवातल्या पोराला हातानं खूण केली. त्यानं डीजे बंद केला. रिंगण थांबलं, सगळे आमच्याकडे बघायला लागले.

"परत वाच," मी म्हणालो. "मोठ्यानं."

तिनं परत वाचली.